पाचवी शाल

ऋजुताचा फोन आला तेव्हा
मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.
"मावशी, पाच हव्यात. माझ्या पाचही मैत्रिणींना.
भोकाभोकांच्या, मणी लावलेल्या."
जाळीदार हा शब्द हॅलिफॅक्सला येताना
वाटेत कुठेतरी उसवला.
"आणि काळे मणी नकोत हं,
लोकांना मंगळसूत्र वाटेल."

मग राखी घेतले. भिजलेल्या कौलांच्या रंगाचे,
मोहरीएवढे, एका डबीत दोन हजार.
एकेक मणी बारीक आकड्यानं उचलायचा,
टाका त्याच्या नेढ्यातून ओढायचा,
सुईवर परत ठेवायचा.
शंभर झाले की चहा.

मुलींचे फोटो मागवले होते, पाठमोरे.
टॅम्सिन उंच, पोक काढून उभी राहते.
ओलुची पोहते, तिला चार बोटं जास्त.
बेथन रुंद, भरघोस,
हिला थंडी वाजत नसणार, तरी विणली.

हडर्सफील्डच्या बसमध्ये, वरच्या मजल्यावर,
सुलट, सुलट, दोन एकत्र, दोरा पुढे.
शेजारचा शाळकरी मुलगा विचारतो, काय बनवताय?
भोकं, मी म्हणते.
खोटं नाही ते.
जाळी पडते तिच्या शेजारीच
दोन टाक्यांचा एक झालेला असतो,
नाहीतर हिशेब जमत नाही.
माझ्या लग्नात हे कुणी सांगितलं नव्हतं.

दर दहा ओळींनी एक पांढरा दोरा ओवून ठेवते.
चुकलं तर तिथवर उसवायचं, त्याच्या खाली नाही.
चौथी शाल तीनदा उसवली.
पाचवी एकदाही नाही.
तिथेच शंका यायला हवी होती.

एप्रिलमध्ये मागच्या खोलीत
ओल्या शाली गालिच्यावर ताणल्या, टाचण्या टोचून.
"देव्हारा केलास का गं?" पद्माकर दाराबाहेरून.
पाण्यातून काढली तेव्हा नुसता बोळा,
वाळली तसं पान न् पान सुटं झालं.

लग्नाआधी आठवडाभर पुन्हा फोन.
"मावशी, बेथन येत नाहीये."
आवाज घोगरा. का, ते विचारलं नाही.
एका टोस्टरवर तीन वर्षं काढलेल्या मुली.
"तिची शाल..."
"राहू दे. लोकर काही उपाशी मरत नाही."

हॉलमध्ये चार खांद्यांवर चार शाली.
पाचवी माझ्या पिशवीत, अक्षतांच्या डब्याखाली.
कोपऱ्यात, चाकाच्या खुर्चीत,
नवऱ्यामुलाची आजी, इडना अ‍ॅक्रॉइड, वय शहाऐंशी.
अठ्ठावीस वर्षं गिरणीत, कापड तपासायला:
गाठ शोधायची, तुटला धागा सुईनं भरायचा.
"बघू," म्हणाली.
मी कागद सोडला.
बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी.
नजर खिडकीबाहेर, गाड्या लावतात तिकडे.
बोटं कडेकडेनं निघाली
आणि थांबली.
"इथं एक मणी नाही."

नव्हता.
दोनदा धुतली, ताणली, घडी केली, मला दिसला नव्हता.
द्या, घरी नेऊन लावते, म्हटलं.
तिनं मूठ सोडली नाही.
"माझ्या वेळी याचे सहा पेन्स कापले असते,"
म्हणाली, आणि मान पुढे केली.
घातली मी.
बेथनचं माप तिच्या हाडांना सैल झालं,
एक टोक खुर्चीच्या चाकाशी लोंबत राहिलं.
सावधान म्हणताच तांदूळ उडाले.
अंतरपाट दूर झाला तशी ऋजुतानं मान वळवली,
एक, दोन, तीन, चार,
मग कोपऱ्यात तिचा हिशेब अडला.

रविवारी पुन्हा टाके घातले.
ऋजुतानं नंबर पुसला असेल,
पण बेथनचा पत्ता ख्रिसमसच्या कार्डावर आहे,
रेक्सम, टपाल कार्यालयाशेजारी.
या वेळी काळे मणी.
तिकडे कोण मंगळसूत्र समजणार?

एकशे एकसष्ट टाके.
परत मोजले.
एकशे साठ.