फणसाची चीप

पिएदादबायच्या पियानोला चीर गेली होती,
पाठीमागच्या फळीला, हातभर लांब, केसाएवढी रुंद.
गोव्याहून माणूस येतो म्हणाला, आला नाही.
म्हणून मला बोलावणं. भिवा मेस्त, होड्या बांधतो,
मांडवीवर, वेंगुर्ल्यात.

मी म्हटलं, बाय, मला पठाण कळतो, वांक कळतो,
ह्यातलं काय कळणार?
ती म्हणाली, ही पण होडीच. पाणी तेवढं आत असतं.

आधी वाजवून दाखवलं,
दुखणं कुठे आहे ते समजावं म्हणून.
वही तिच्या भावाची, काइतानची,
जहाजावर होता, रशियाच्या कुठल्याशा बंदरातून आणलेली.
वर नाव आहे, वाचता कोणालाच येत नाही.
एक अक्षर तर चक्क खेकडा.

सुरुवात तीन घावांनी.
डाव्या हाताचे, अगदी तळाशी,
जिथे माझ्या हिशेबानं सूर नसतोच, नुसतं वजन असतं.
घाव. थांब. घाव. थांब. तिसरा,
आणि मग ती हात उचलून घेते,
पायानं काहीतरी दाबून धरते,
आणि खोली वाजत राहते तिच्याशिवाय,
कपाटातल्या बशांसकट.

आमच्या भजनात सूर चढत जातो,
बुवा घामाघूम, टाळ त्याच्या मागून धावतात.
इथे उजव्या हाताला चाल आहे, पण ती चढेना.
दोन पावलं वर, एक खाली, परत तिथेच.
ओहोटीला रुतलेली होडी
माणसं पुढे-मागे, पुढे-मागे हलवतात
आणि कोणी बोलत नाही, तसं.

मधे एकदा सुटते.
रापण काठाला लागता लागता फाटावी
आणि बोटांखालून बांगडेच बांगडे,
वाटलं, आता हसेल.
कसली हसते! परत तेच तीन घाव,
आता दोन्ही हातांनी,
आणि या खेपेला चीर बोलली, झिर्रर्र,
पत्र्यावर वाळू पडावी तशी.

"ह्यां काय, बाय? कोण गेलां?"
"कोण नाय. ह्यां दुख न्हय, मेस्तांनू. ही थंडी."

थंडी मला एवढीच ठाऊक:
बंदरावरचा बर्फाचा कारखाना.
पहाटे चारला लादी सुटायची,
लाकडी घसरणीवरून यायची, आपटायची,
फुटायची नाही.
मग दुसरी.
पांढरं काहीतरी वर यायचं
आणि टोपल्या घेऊन आलेली पोरं गप्प व्हायची.
तळाचे सूर तेव्हा कळले मला.
कळले म्हणजे, पायांना कळले.

काथ्या आणि डांबर म्हटल्यावर ती ओरडलीच.
माळ्यावर फणसाचं लाकूड होतं, बारा वर्षं वाळलेलं,
वडिलांनी वीणेसाठी ठेवलेलं. वीणा राहूनच गेली.
त्याची चीप काढली, कागदासारखी,
सरस कढवून बसवली,
वर उंडीच्या तेलाचा हात फिरवला, सवयीनं.

पाचव्या दिवशी तिनं वाजवलं.
चीर गप्प. पण तिसरा घाव बदलला होता,
जरासा पिवळा.
तिनं तो एकटाच वाजवला. पुन्हा. पुन्हा.
मान तिरकी, बाजारात नारळ वाजवून बघतात तशी.
म्हटलं, काढू?
बोलली नाही.

शेवट सांगतो, कारण तो मला अजून पटलेला नाही.
सगळं आटोपल्यावर सात-आठ वेळा
हात पडतात, दरवेळी हलके,
दूर गेलेल्या मचव्याचा कंदील,
दिसला, लाटेमागे गेला, दिसला,
शेवटचा कुठला ते मागाहून कळतं.
अशी अर्धी होडी मी दिली
तर गिऱ्हाईक पैसे द्यायचं नाही.

बायनं दिले. वर वाटाभर सुंगटं.

पठाणावर खिळा ठोकताना आता
एक, थांब, दोन, थांब,
तिसऱ्याला हात वरच राहतो.
पोरगा विचारतो, काय ऐकताय?
लादी, मी म्हणतो.
कारखाना बंद होऊन दोन वर्षं झाली.