काठावरची चौकट

वडगावात आमच्या घरी
भिंतीपलीकडे माग चालतो, अलीकडे मी.
धोटा जितक्या वेळा जातो-येतो
तितक्या वेळा मी पान ताजं करते
आणि बघते, कुणी दाबलं का.

साइट लहानशी. शहापुरी काठ, इरकली पदर,
कुंदा किती आटवायचा,
पहिल्या धुण्यात रंग जाऊ नये म्हणून काय करायचं.
पहिला आठवडा जाहिरात माथ्यावर ठेवली:
दोनशे चाळीस जणांनी पान उघडलं, दाबलं दोघांनी.
दुसरा आठवडा उजव्या काठाला. एक.
तिसरा मजकुराच्या पोटात, दुसऱ्या परिच्छेदानंतर,
वाचणारा जिथं श्वास घेतो. सात.
(तो आठवडा गौरीचा होता, हेही लिहून ठेवलं.)
वही शाळेतली. मागच्या पानांवर
कन्नडची बाराखडी अजून आहे.

आण्णांना विचारलं, चौकट कुठं उठून दिसेल?
म्हणाले, काठानं उठून दिसू नये गे,
अंग धरून ठेवावं.
बाई हात आधी काठाला लावते
आणि घेते अंगाचा रंग बघून.
हे मी कुठल्या रकान्यात घालू?

मग संबंधाची परीक्षा.
यंत्र पान वाचतं, शब्द वेचतं
आणि शब्दाला शोभेलशी वस्तू शेजारी आणून बसवतं.
कुंद्याच्या पानावर त्यानं
मातीच्या कुंड्या आणून ठेवल्या, दीड डझन,
गुलाबाच्या रोपांसकट.
सीमाभागातल्या मागांवर लिहिलं
तर सीमा नावाच्या मुलींची स्थळं.
शेजारची नागव्वा पोट धरून हसली:
"ही सीमा तर आमच्या आज्जीपासनं स्थळ बघतीया."

शब्द बदलले. अर्ध्यांना 'काठ' दाखवला, अर्ध्यांना 'बॉर्डर'.
काठाखाली नदीकाठची हॉटेलं आली,
बॉर्डरखाली सैन्यभरतीचे क्लास.
साडी कुणालाच दिसली नाही.

दिवाळीनंतर एक पान लिहिलं, मागाच्या आवाजावर.
चाळीस वर्षं तो खटका ऐकत बसलेल्या माणसाला
शेवटी काय काय ऐकू येत नाही:
कुकर. फोन. उंबऱ्यातली पावलं.
त्याच्याच नावानं मारलेली हाक.
यंत्रानं त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं.
शेजारी आणून ठेवलं कानाचं मशीन,
हप्त्यावर, तपासणी घरी येऊन.

रात्री पावणेतीनला एक क्लिक.
मधल्या चौकटीवर नाही, तळातल्या,
जिच्यापुढं मी लिहिलं होतं, इथवर कुणी पोचत नाही.
पान उघडं होतं सव्वीस मिनिटं.
माझं एवढं सावकाश
आजवर कुणी वाचलं नव्हतं.

गाव बेळगाव. फोन जुना.
वायफाय आमचंच.

सकाळी आण्णा कांड्या भरत होते. विचारलं.
ऐकू गेलं नाही.
मोठ्यानं विचारलं.
"उगंच बघूलालो होतो," म्हणाले.
"लई महाग हाय. तुझं काय नुकसान झालं काय गे?"

नियम आहे, घरच्यांचा क्लिक धरायचा नाही.
वहीत एक लिहिला
आणि खोडला.
तळाची चौकट: शून्य.

जाहिरातीतला नंबर मात्र हातानं उतरवून घेतला,
त्याच पानावर, काठाला जागा होती तिथं.
दुपारी फोन लावला.
पलीकडची मुलगी कन्नडमधून म्हणाली,
जरा मोठ्यानं बोला,
मागं कसला तरी आवाज येतोय.