काटकोन

फतेगंजचा पारेख कॅनडाला निघाला तेव्हा
त्यानं भिंगं फरसाणाच्या डब्यात भरून विकली.
चार आयपीस. त्यातला एक दोन इंची,
हातात घेतला तर भरल्या तांब्याएवढा,
आत डोकावलं तर विहीर.
डायगोनल मात्र ठेवून घेतला.
म्हणाला, कर्णिकबेन, तिकडे लागेल मला.
तिकडे सहा महिने ढग असतात, हे मी बोलले नाही.

माझा डायगोनल सव्वा इंची,
शाळेच्या प्रयोगशाळेनं भंगारात काढलेला.
आरसा एका कोपऱ्यात काळवंडलाय
पण काटकोनात पक्का.
बावीस वर्षं त्यानं माझी मान वाचवली.
दुर्बीण वर बघते, मी खाली,
चंद्र मध्येच वळून येतो
गल्लीत सायकल वळावी तसा, घंटी न वाजवता.

मकरपुऱ्याला गेले, जसुभाईच्या लेथवर.
त्यानं व्हर्नियर लावला, दोन्ही तोंडं मापली,
चष्मा कपाळावर ढकलला.
"बेन, हाथीने रिक्षामां बेसाडवो छे?"
तरी पितळेची कडी कातून दिली.
पैसे नकोत, शनी दाखवा.

हत्ती बसला.
पण आभाळ कडेनं खाल्लेलं.
मध्ये कृत्तिका, भोवती काजळी,
जशी परातभर कणीक
वाटीएवढ्या तव्यावर थापायला घेतली.
भिंगाचा दोष नव्हता, आरशाचाही नव्हता.
दोघं आपापल्या जागी चांगलेच होते.

मग थकबाकी आली पेन्शनची,
तिच्यातून दोन इंची डायगोनल मागवला.
दुर्बिणीचं तोंड आधीपासून तेवढंच होतं,
आम्हीच ते बूच लावून लहान केलेलं.
आता सगळं मापात, आणि काहीच दिसेना.
तारे फुगलेले, भिजल्या साबुदाण्यासारखे.
नवा आरसा मोठा, त्याच्यातून
प्रकाशाला तीन बोटं जास्त चालावं लागे
आणि त्याची एक व्हायची जागा
वाटेतच संपून जाई.

"नळी कापावी लागेल," मी म्हणाले.
"पाकुं?" जसुभाईनं विचारलं.
पस्तीस मिलिमीटर.
तो कापत होता तेवढा वेळ
मी भिंतीवरचं बेअरिंग कंपनीचं कॅलेंडर वाचलं,
सगळ्या एकादश्यांसकट.

रविवारी तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून.
दुर्बीण मागच्या भारानं कलत होती, म्हणून
पुढच्या टोकाला मी मोजा बांधला होता,
मोज्यात अर्धा किलो मूग.
त्यावर तो हसला.
मग लहान आयपीसला डोळा लावला
आणि बराच वेळ हसला नाही.
खाली उतरताना जिन्यात विचारलं,
"ती कडी कातली कुणी?
कुठेच टेकत नाही हो."

वरच्या मजल्यावरची ध्येया सहावीत आहे.
तिला मी चतुर्थीचा चंद्र दाखवला.
तिनं आयपीसमध्ये बघितलं, माझ्या वहीत बघितलं,
मग नुसत्या डोळ्यांनी वर बघितलं.
"मावशी, तुमचा चंद्र डावरा आहे."

आहेच.
एक आरसा आला की डावं उजवं होतं,
हे मी तीस वर्षं मुलींना फळ्यावर शिकवलं,
आणि वहीत मात्र जे दिसलं तेच काढत गेले:
बावीस वर्षांचे चंद्र,
सगळ्यांचे समुद्र भलत्या बाजूला.
रबर कुठून सुरू करायचं?

ध्येयानं रबर मागितलं नाही.
नळीची कापलेली कडी पानांवर ठेवली होती, वाऱ्यासाठी.
ती तिनं उचलली, बांगडीसारखी मनगटात घातली,
पान उलटं धरलं
गच्चीच्या बल्बसमोर.
कागदाच्या पाठीमागून
समुद्र मुकाट आपल्या जागी आले.

तारीख तेवढी उलटी झाली.