पाव सेकंद

डंडीत समुद्रावरून आत शिरणाऱ्या धुक्याला
हार म्हणतात.
पहिल्या वर्षी मला हसू आलं होतं:
गळ्यात घालायचा, की पत्करायचा?
आज तो ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलाय,
टे नदीवरचा पूल निम्मा पुसून टाकलाय त्यानं,
आणि फोनवर आहेत
लॉखीच्या इशबेल गेडीस, वय एक्क्याऐंशी.

जिन्याला कठडा हवा म्हणून
ऑक्टोबरात त्यांनी कौन्सिलकडे अर्ज केला होता.
“पान उघडलं,” त्या सांगतात,
“लाल चौकटीत होतं: नामंजूर.
चष्मा पुसेपर्यंत गेलंसुद्धा.
म्हटलं, लाज वाटली असेल तुम्हाला,
म्हणून लपवलंत.”
मग त्यांनी लॅपटॉप मिटला.
सात आठवडे भिंत चाचपत उतरल्या.

कठडा तर नोव्हेंबरातच मंजूर झाला होता.

ते पान मी लिहिलेलं.
‘अर्ज नामंजूर झाला असेल तर काय करावं’,
असा एक साधा, मदतीचा परिच्छेद,
शेवटून दुसरा,
घडी घालून ठेवलेला. बोट लावलं तर उलगडेल.
पण घडी घालणारी स्क्रिप्ट येते सगळ्यांच्या मागून,
तोवर पाहुणे दारात
आणि पलंगावर कपड्यांचा हा ढीग.

फर्गस म्हणतो, पाव सेकंद गं. कोण वाचतंय?
मी त्याला सांगत नाही
माझ्या व्हिसाचा लिफाफा,
त्याची कागदी खिडकी,
आणि पत्र सरकून त्या खिडकीत आलेला
एकच अर्धा शब्द.
फोडायच्या आधीच मी जिन्यात बसले होते.

दुपारी सोपा उपाय केला:
पहिल्यापासूनच झाकून टाकलं सगळं.
चमक गेली. फर्गसनं अंगठा दाखवला.
चार वाजता ब्रॉटी फेरीच्या वाचनालयातून फोन:
आमच्या जुन्या मशीनवर स्क्रिप्ट चालत नाही,
नुसते मथळेच दिसतात,
बोट लावलं तरी खाली काही निघत नाही.
म्हणजे मी कुलूप लावलं होतं
आणि किल्ली अशा माणसाकडे दिली होती
जो कधीकधी येतच नाही.

संध्याकाळी, सगळे गेल्यावर, एकच ओळ लिहिली.
पानाच्या अगदी डोक्यावर,
बाकी काही रंगायच्या आधी.
ती फक्त एवढंच सांगते: मी आलेय.
हे ऐकलं तरच झाकायचं.
ऐकू आलं नाही, तर सगळं उघडं राहू दे,
ओबडधोबड, लांबलचक, पण वाचता येईल असं.
उघडणारा आलाय हे कळल्याशिवाय
काही झाकायचं नाही.
मुद्दाम मंद केलेल्या जोडणीवर
चाळीस वेळा पान उघडून पाहिलं.
काही लकाकलं नाही.
एक्केचाळिसाव्यांदा उगाच.

बसमधून उतरले तेव्हा हार गुडघ्यापर्यंत खाली आला होता.
रोजच्यापेक्षा लवकर,
मी बेल न वाजवता किल्लीनं दार उघडलं.
श्रीनंद खिडकीशी होता, हातात फोन,
मुलाखतींची उत्तरं येतात त्याच फोनवर.
तो वळला,
आणि वळण्याच्या अन् हसण्याच्या मध्ये
मला दिसला त्याचा चेहरा.

पाव सेकंद. त्याहूनही कमी असेल.

“आज लवकर?” म्हणाला, हसरा, नीट,
सगळ्या घड्या जागच्या जागी.
चहा ठेवू का, असंही म्हणाला.

ओला कोट अंगावर तसाच ठेवून
मी म्हटलं, थांब.
इतक्यात घालू नकोस घडी.
मी आलेय.