पाव दर

रात्री दहाला दर उतरतो.
हेमकांतनं फ्रीजच्या दारावर लिहून ठेवलंय,
दुधाच्या हिशेबाखाली, निळ्या स्केचपेननं:
सहा ते दहा गाडीला हात लावायचा नाही.
जणू रोजचं चार तासांचं सुतक.

चेंबूरच्या आमच्या सोसायटीत
दुसऱ्या मजल्यावरून खालच्या खांबापर्यंत
एक काळी केबल उतरायला आठ महिने लागले.
वासवानी म्हणायचे, आग लागली तर?
गुप्तेबाई म्हणायच्या, आमचं बिल वाढलं तर?
वेगळं मीटर आलं, पाटी आली, कुलूप आलं,
शेवटी वासवानींनी सही केली
आणि पेन खिशाला लावता लावता हळूच विचारलं,
किलोमीटरला किती पडतो?

आता गाडी प्लग लावून उभी असते, उपाशी,
संकष्टीला चंद्राची वाट बघत
ताटासमोर बसावं तशी.
दहा वाजता टक्.
मीटरवरचा लाल ठिपका घाईनं लुकलुकायला लागतो.
रामसमुझ खुर्ची सरकवून
चार्जरच्या हिरव्या उजेडात तंबाखू मळतो.
वर हेमकांत कूस बदलतो, समाधानानं.

आमच्या वडिलांना हे फार आवडलं असतं.
कन्नमवार नगरात एसटीडीचा बूथ होता,
अकरानंतर पाव दर.
पावणेअकरापासून रांग,
लेंग्यावर शर्ट, मुठीत घामेजलेली चिल्लर,
आत लाल आकडे पळायचे
आणि त्यांच्या पुढे पळत माणसं बोलायची:
पास झाला. पैसे पोचले. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

आजोबा गेले ते दुपारी चारला.
इंदूरच्या आत्याला कळवायचं होतं.
वडील घड्याळासमोर बसून राहिले.
पैशाचा प्रश्न नव्हता, आई नंतर म्हणायची,
सवय, दुसरं काय.
सात तास
आत्याचे वडील इंदुरात जिवंत होते.
तिनं त्या संध्याकाळी म्हणे शेवया केल्या होत्या.

गेल्या महिन्यात, एका मंगळवारी, साडेसहाला
बदलापूरहून आईचा फोन.
काही नाही गं, सहज.
आई सहज फोन करत नाही.
मग म्हणाली, कुकरची शिट्टी सापडत नाहीये,
सकाळपासून शोधतेय.
मग गप्प.
मग पुन्हा, पहिल्यांदाच सांगितल्यासारखं,
अगं, शिट्टी सापडत नाहीये.

हेमकांत पुण्यात.
गाडीत एकोणीस टक्के.
बदलापूर जाऊन येऊन नव्वद किलोमीटर,
आणि दहाला अजून साडेतीन तास.

मी खाली गेले. मोबाईलवर बोट ठेवलं: आत्ता चार्ज करा.
त्यानं विचारलं, वेळापत्रक मोडायचं का?
हो.
टक्.
सगळ्या शहराचे एसी, लिफ्ट, पिठाच्या गिरण्या,
इस्त्रीवाल्यांच्या इस्त्र्या
ज्या वेळी एकाच ताटात जेवायला बसतात
त्या वेळी मीही हात घातला.
"आज जल्दी, मॅडम?" रामसमुझ म्हणाला.
मी दीड तास गाडीतच बसून राहिले,
खिडकी खाली करून,
एकेक टक्का चढताना बघत.

शिट्टी फ्रीजमध्ये होती, लोण्याच्या भांड्यात.
आईनं ती गरम पाण्यानं धुतली,
माझ्याकडे न बघता भात लावला.
आम्ही दोघी ओट्याशी उभं राहून शिट्ट्या मोजत होतो.
ती म्हणाली, तीन झाल्या.
माझ्या मते चार.
मी गॅस तसाच राहू दिला.

काल बिल आलं.
हेमकांतनं चष्मा कपाळावरून खाली घेतला,
दिवसांच्या उभ्या रेघांवरून बोट फिरवलं,
एका मंगळवारशी थांबला.
चौतीस रुपये जास्त, तो म्हणाला,
टायमर बिघडला का गं?

नाही.
टायमर ठीक आहे.