तीळ

ह्या माशाला आमच्याकडे नाव नाही.
रापणीत आलाच तर बोटाएवढा, तांबूस, नुसते डोळेच डोळे.
बायणाच्या वाळूवर बायका त्याला 'बारीक' म्हणतात,
तारल्यांतून वेचून बाजूला टाकतात
आणि संध्याकाळी माडाच्या आळ्यात.

दिवसा तो घर सोडत नाही.
ग्रांद बेटाच्या पाठीमागे, सात मीटर खाली,
खडकाला एक चीर आहे; तिच्यात काटे उभारून बसलेले काळे गोळे,
आणि त्या काट्यांच्या मधोमध हा,
उन्हं उतरेपर्यंत जागच्या जागी डुलत.
पापणी नाही, म्हणून झोपला की जागा, सांगता येत नाही.

गेल्या ऑक्टोबरात पाणी निवळल्यावर
मी त्याला शेपटीपाशी पिवळा ठिपका टोचला
आणि अर्ध्या मैलावर नेऊन सोडला.
तिसऱ्या सकाळी पिवळा ठिपका
त्याच चिरेत, त्याच काट्यापाशी.
कसा आला, ह्याबद्दल माझ्या अहवालात
'कदाचित'ने सुरू होणारं एक वाक्य आहे.

सूर्य बुडाला की अर्ध्या तासात चीर रिकामी होते.
सगळे बाहेर, काळ्या पाण्यात
कोळंबीची डोळ्याला न दिसणारी पिल्लं टिपायला.
एक मागे राहतो. पिवळा ठिपका.
बॅटरीवर लाल काच लावून (लाल त्याला दिसत नाही)
मी जवळ गेले: गालफडं फुगलेली,
पाहुण्यांसमोर गरम बटाटा तोंडात धरून बसावं तशी.
मग त्याने क्षणभर आ केला.
आत शेकडो अंडी, एकमेकांना चिकटून,
प्रत्येकात दोन काळे ठिपके,
माझ्याकडे बघणारे.

आई म्हणायची, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.
ह्याच्या तोंडात आठ दिवस भिजतात.
आणि हा बाप आहे. अंडी घालणारी
चिरेच्या तोंडाशी दोन फेऱ्या मारून जेवायला जाते.
हा घास समोरून वाहताना बघतो.
मध्येच अंडी उलटीपालटी करतो, पुन्हा मिटतो.

वर होडीत रुझार बसलेला,
पावात चोरीस घालून, गुडघ्यावर टॉवेल.
'कांय मेळ्ळें?'
मी सगळं सांगितलं, ओल्या केसांनी, दात वाजवत,
तिळाचंसुद्धा.
'बरो मनीस,' तो म्हणाला आणि पाव अर्धा मोडून मला दिला.
तेवढ्यावर थांबायला हवं होतं.
पण माझ्या तोंडात कुठला तीळ:
अंडी थोडी असली, किंवा तो फार वाळला,
किंवा दुसरी एखादी जवळ घुटमळू लागली
तर गिळून टाकतो. सगळी.
दुसऱ्या रात्री इतरांबरोबर शिकारीला जातो.

रुझारने इंजिनाची दोरी हातात घेतली होती,
ती ओढली नाही.
मुरगावच्या धक्क्यावर कोळशाचं जहाज रिकामं होत होतं,
त्याचा आवाज पाण्यावरून उशिरा पोचत होता.
'आनी ताका कोण कांयच म्हणना?'
नाही, मी म्हटलं. कोण म्हणणार?

मग त्याने पावाचे तुकडे पाण्यात झटकले
आणि मला एक गोष्ट सांगितली,
तो आखाताच्या जहाजावर होता त्या वर्षाची,
सांग्याला ठेवलेल्या मुलीची.
ती इथे लिहायची नाही.

नवव्या रात्री पुन्हा उतरले.
चीर रिकामी, काटे रिकामे.
बाहेर, थव्याच्या कडेला, पिवळा ठिपका
गालफडं बसलेली, भराभर खात होता.
सोडली की गिळली, पाण्याकडे बघून कळत नाही;
पाणी दोन्ही वेळा तसंच दिसतं.

रुझारने नळकांडं वर ओढून घेतलं,
माझा हात धरला, धरूनच ठेवला.
विचारलं काहीच नाही.
'सोडली,' मी म्हटलं.