डिपर

चौऱ्याण्णवची मार्शल. दिवे गोल, परातीएवढे,
आणि उजेड? त्यापेक्षा समई बरी.
सातपूरला तेहतीस वर्षं लेथवर उभा राहिलो,
दोन सुताचा फरक बोटाने सांगायचो,
आता रामशेजच्या वळणावर
डांबर कुठे संपतं, चर कुठे लागतो
ते देवाच्या भरवशावर.

लेक करंजाळीच्या दवाखान्यात नर्स.
रात्रपाळी तिची, जीप माझी.
ती म्हणायची, अण्णा, जरा सावकाश.
मी म्हणायचो, दिवे मेलेत गं. दिवे.

द्वारकेला पुलाखाली मुनाफचं दुकान.
त्याने मीटर लावलं.
बॅटरीला साडेबारा, बल्बपाशी दहा.
“अडीच व्होल्ट वाटेतच कुणीतरी खातंय, काका.
वायर शिळी झाली, अर्थिंग गंजलं.
रिले टाकतो, जाड वायर ओढतो,
तुमचा पिवळाच बघा कसा उठतो.”

पण माझी नजर शोकेसमध्ये.
पंचावन्न वॅट, सहा हजारचा पांढरा,
सोबत दोन बॅलास्ट, पानाच्या डब्यांएवढे.
“हा लाव.”
“काका, तुमच्या वाटीतला नाही हा दिवा.
वाटीचा पारा उडालाय, उजेड वाट्टेल तिकडे सांडेल.”
“सांडू दे.”
गिऱ्हाईक म्हणजे देव,
आणि देवाला कोण समजावणार.

बटण दाबलं. आधी जांभळा, मग निळा, मग
समोरची भिंत पांढरीफटक.
पाटीवर पंक्चरमधला अनुस्वार खोडलेला होता
तोसुद्धा वाचला मी.

पेठ रोडला त्या रात्री माझं राज्य.
मैलाच्या दगडावरचे आकडे, सशाचे डोळे,
करवंदीच्या जाळीतलं कोळिष्टक.
समोरून डिपर आले. एक, मग तीन.
एका टेंपोवाल्याने काच खाली करून आई काढली.
जळतात, म्हटलं.
सुवर्णा बाजूला बसलेली. काही बोलली नाही.

चाचडगावच्या पुढे सायकल.
दोन्ही अंगांना कॅन, संध्याकाळचं दूध.
त्याने हात डोळ्यांवर घेतला
म्हणजे हँडल सोडलं.
आधी दूध चरात गेलं, मागोमाग तो.

फार लागलं नाही. ढोपर.
सुवर्णाने बॅटरी धरून पट्टी बांधली.
नाव पोपट बेंडकोळी.
मी नोटा पुढे केल्या. त्याने मोजल्या,
अकरा लिटरच्या ठेवून बाकीच्या माझ्या हातात दिल्या.
शिवी दिली असती तर सुटलो असतो.
म्हणाला, “बाबा, येकदा हितं उभं ऱ्हा की.”

सुवर्णा स्टिअरिंगवर बसली, जीप मागे घेतली,
फर्लांगभर.
मी त्याच्याशेजारी, सायकलचं सीट धरून.

ती आली.
ती म्हणजे काय, जीप नाही, रस्ता नाही,
आत बसलेली माझी पोर नाही.
माझा स्वतःचा पुढे केलेला पंजा नाही.
नुसतं पांढरं, कढत्या चुन्यासारखं,
आणि दोन्ही दिव्यांभोवती कडी, कड्याभोवती कडी,
इंद्रधनुष्य कुणी पिळून गोल केलेलं.

गाडी थांबली. मी म्हणालो, कडी फार मोठी आहेत.
“कसली कडी?” पोपट म्हणाला.
सुवर्णाने इंजिन बंद केलं.
“अण्णा, कडी कधीपासून दिसतात?”

मुनाफने न हसता किट उतरवलं.
रिले टाकला, जाड वायर ओढली, अर्थिंग घासून लख्ख केलं.
पिवळा उठला. बल्बपाशी बारा, वर थोडं.
अडीच व्होल्ट खाणारा सापडला म्हणायचा,
अर्धा तरी.
मोतीबिंदू डावा पिकला होता, तो मार्गशीर्षात काढला.

हल्ली सुवर्णा चालवते. मी डावीकडे बसून
समोर कुणी दिसलं की म्हणतो, डिपर.
ती म्हणते, दिलाय, अण्णा.
परवा चाचडगावच्या पुढे एक सायकल, दोन कॅन,
आणि हात वर झाला,
डोळ्यांवर नाही, नुसता वर.
म्हणजे मला तरी तसं दिसलं.
उजवा अजून बाकी आहे.